घरात सगळे धडधाकट

त्याला सगळे कात्री म्हणायचे. जुन्या फर्निचरचा धंदा, आणि भाव असा कापायचा की आपलं काय काय गेलं ते समोरच्याला घरी गेल्यावर कळायचं. गल्लीत कुणाला साधा पंखा घ्यायचा असला तरी कात्रीला बरोबर न्यायचे. तोही हातातलं काम टाकून निघायचा. पैशासाठी नव्हे हो, हौस म्हणून! दुकानदाराचा चेहरा उतरलेला बघितला की याला दोन घास जास्त जायचे.

त्याचं तत्त्व एकच: आपली गरज दाखवायची नाही. घशाला कोरड पडली असली तरी पाण्याकडे बघून नाक मुरडायचं. याच तत्त्वावर त्याने घर बांधलं, मुलीचं लग्न थाटात केलं, आणि याच तत्त्वाने त्या दिवशी त्याचा गळा कापला.

गाडी बायकोसाठी हवी होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर तिच्या पायांतलं बळ गेलं होतं आणि कंबरेला जराही हिसका सोसत नव्हता. तिला चाकाच्या खुर्चीतून उचलून गाडीच्या सीटवर बसवायचं म्हणजे एकाने काखेत हात घालायचे, दुसऱ्याने पाय धरायचे, आणि बाळंतपणातही दात आवळून पडलेली ती बाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची. डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं. आठवड्यातून चार दिवस व्यायामाच्या केंद्रात आणा. येत्या काही महिन्यांत पाय सुधारले तर सुधारले, नाहीतर जन्मभर खुर्ची. दोन आठवडे कसंबसं नेलं आणि मग तिनेच हात जोडले. म्हणाली, "मला खुर्चीत राहू द्या, पण ते उचलणं नको."

मग जावयाने शोध लावला. मागचं दार उघडलं की रॅम्प खाली येतो आणि खुर्ची माणसासकट आत जाते, अशी गाडी निघाली होती. शोरूममध्ये एकच उरली होती. पुढची यायला सहा महिने तरी लागणार होते, म्हणजे तोवर सगळं संपलेलं असणार.

"जावईबापू, तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही," कात्रीने वाटेतच बजावलं. मग मागे वळून बायकोला म्हणाला, "आणि तू गाडीतच बस. तुला बघितलं की आपण अडलोय हे त्याला कळेल. मग तो एक पैसा कमी करायचा नाही."

ती तपासणीहून परत येत होती, पार दमली होती. "मला बघायची होती हो गाडी," ती म्हणाली.

"घेतली की रोज बघ."

जुनी गाडी त्याने कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानामागे लावली आणि सासरे-जावई शोरूममध्ये शिरले.

मालक स्वतःच टेबलावर होता. पोटाचं दुखणं असलेला माणूस, अधूनमधून एक पांढरी गोळी चघळायचा. कात्रीने आधी भलत्याच दोन गाड्यांची दारं उघडून आपटली, मग सहज आल्यासारखा रॅम्पवाल्या गाडीपाशी थांबला.

"हे काय धूड उभं केलंय?" तो म्हणाला. रंगाला नावं ठेवली, पत्र्याला ठेवली, सीटच्या कापडालाही सोडलं नाही. मालकाने किंमत सांगितली तेव्हा तर असा हसला, की त्या बिचाऱ्याने दुसरी गोळी तोंडात टाकली.

"कशासाठी हवीय तुम्हाला?" दोघांना टेबलाशी बसवून मालकाने विचारलं.

"खोकी न्यायला. फर्निचरचा धंदा आहे माझा. कपाटं, टेबलं चढवायला तो रॅम्प बरा पडेल."

"घरात कुणी पेशंट वगैरे नाही ना? असेल तर सांगा. पेशंटसाठी कंपनीच सूट देते, मला पदरचं घालावं लागत नाही."

आता इथे कुणीही शहाणा माणूस हो म्हणाला असता! पण कात्रीने जन्मभर हेच केलं होतं. गोड बोलून गिऱ्हाइकाची नड काढून घ्यायची, आणि मग त्या नडीवर भाव लावायचा. त्याला वाटलं, वा रे पठ्ठ्या, माझ्यावरच जाळं टाकतोस!

"म्हणजे तसं, सासूबाईंना..." जावयाने सुरुवात केली, तोच टेबलाखाली त्याच्या पायावर बूट पडला.

"सासूबाई ठणठणीत आहेत यांच्या," कात्री म्हणाला. "घरात सगळे धडधाकट. काय हो जावईबापू?"

जावयाने मान हलवली. सासऱ्यापुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

मग जी जुंपली म्हणता! कात्री एकदा उठून दारापर्यंत गेला, मालकाने हाक मारून परत बसवलं. चहा आला, तो निवला. शेवटी मालकाने हात टेकले.

"जिंकलात तुम्ही. तुम्ही म्हणाल तो भाव."

कात्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"फक्त ही गाडी नाही," मालक म्हणाला. "ती पलीकडची घ्या. मालाचीच आहे, हिच्यापेक्षा जास्त खोकी मावतील."

"आणि ही का नाही?"

"हिच्यासाठी सकाळी एका बाईंचा फोन आला होता. त्यांचा मुलगा खुर्चीत आहे. समोर आलेलं गिऱ्हाईक तुम्ही, म्हणून मी आधी तुम्हालाच विचारलं, घरात कुणी आहे का. तुमच्याकडे तर सगळे चांगले आहेत. खोक्यांसाठी त्या पोराची गाडी कशी देऊ? मलाही वर तोंड दाखवायचंय."

कात्री ताडकन उठला. "मालक, खरं सांगतो. माझी बायको खुर्चीत आहे."

मालकाचा चेहरा कडू झाला. "मघाशी धडधाकट होती, एवढ्यात खुर्चीत बसली? अहो, एका गाडीसाठी बायकोच्या नावावर असलं दुखणं तरी सांगू नका."

"जावईबापू, सांगा की त्यांना!"

जावयाने सांगितलं, जीव तोडून सांगितलं. पण मघाशी हललेली मान मालक विसरला नव्हता.

"थांबा, इथेच आणतो तिला," कात्री म्हणाला आणि धावतच बाहेर पडला.

गाडी उन्हात तापली होती. ती घामाने भिजून बसली होती. "घेतली?" तिने विचारलं.

"घेतोय. तू जरा आत चल. त्याला दाखवायचंय."

"काय दाखवायचंय?"

कात्री डिकीतून खुर्ची काढायला गेला. जावयानेच मग सगळं सांगून टाकलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सगळे धडधाकट म्हणालात?"

"अगं, धंद्यात म्हणावं लागतं तसं."

"मी काय तुमच्या धंद्यात आहे का हो?"

त्याने वाकून तिच्या काखेत हात घातले. दोघांनी तिला उचललं. टायरच्या दुकानातली माणसं काय झालं म्हणून बाहेर धावली.

शोरूमच्या दारातून खुर्ची आत आली तेव्हा मालक फोन खाली ठेवत होता. त्याने तिच्याकडे बघितलं आणि तो उभाच राहिला.

"आत्ताच शब्द दिला मी त्यांना," तो म्हणाला. "त्या रडल्या हो फोनवर."

"सांगाल ती किंमत देतो! वर आणखी देतो, पण हीच द्या," कात्री म्हणाला आणि त्याने हात जोडले. उभ्या आयुष्यात त्याने कुठल्या दुकानदारापुढे हात जोडले नव्हते.

मालक त्याच्याशी बोललाच नाही. तिला म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणत असाल तर मी त्यांना पुन्हा फोन करतो. वाईट दिसेल, पण करतो."

"नको," ती म्हणाली. "त्यांनी आपल्या पोराला लपवलं नाही."

"अगं, तुझे पाय जातील!" कात्री ओरडला.

"जातील," ती म्हणाली. मग मालकाकडे वळली. "एकदा आत बसून बघू का? नुसतं बघायला."

मालकाने स्वतः रॅम्प खाली सोडला, स्वतः खुर्ची वर ढकलली, चाकांना पट्टे लावले. तिने मांडीवर हात ठेवले आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"अहो," तिने आतून हाक मारली, "काहीच दुखलं नाही."

कात्री रॅम्पच्या पायथ्याशी उभा होता. तिला आता बाहेर काढायला हवं होतं. मालक बाजूला झाला, आणि खुर्चीचे पट्टे सोडायला कात्री आत चढला.