देवराईतला कौल

"टोपलीखाली काय आहे, मावशी?" विरोटने विचारलं.

टोपली आतून हलली, तेव्हा लपवालपवीला अर्थ उरला नाही. बुआलायने ती उचलली. काळी गावठी कोंबडी बाहेर आली आणि पोल्ट्री कंपनीच्या या सुपरवायझरच्या बुटांवर चोच मारू लागली.

"एकच आहे रे. बुधवारी देवराईत द्यायची आहे."

"एक काय नि शंभर काय. शेडच्या आवारात दुसरा पक्षी नको, रोग शिरतो. मी वर कळवलं तर पुढची पिल्लं यायची नाहीत."

"मग दुसऱ्या कंपनीची घेईन."

"दुसरी कुठली? होत्या त्या दोन्ही आमच्यांनीच गिळल्या. पिल्लं आमची, खाद्य आमचं, माल उचलणारी गाडी आमची. नाक्यावरचं दुकानसुद्धा आमचंच." तो तसा वाईट नव्हता. निघताना म्हणाला, "उद्या परत येतो. तोवर काय ते बघा."

शेडमध्ये हजारो पांढऱ्या कोंबड्या होत्या, पण सगळ्या कंपनीच्या. त्यांतली एक जरी कापली असती तरी ती चोरी ठरली असती. काळी तेवढी तिची होती. वर्षभर तिने तिला मुठीने भात चारला होता, गप्पाही तिच्याशीच मारल्या होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा थाविन तैवानच्या मासेमारी बोटीवर होता आणि सोंगक्रानपासून, म्हणजे थाई नववर्षाच्या सणापासून, त्याचा फोन नव्हता. तो येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

गावची रीत अशी, की घरची कोंबडी उकडून वाडवडिलांच्या देवाला द्यायची आणि पुजाऱ्याने तिच्या जबड्याचं हाड पाहून कौल सांगायचा. कोंबडी मात्र ज्या अंगणातून देवराईत जाते त्याच अंगणाचं बोलते, मग ती कुणीही वाढवलेली असो. हे ठाऊक असूनही बुआलायने संध्याकाळी काळीला पदराआड घेतलं आणि शेजारच्या खामफोंगकडे नेऊन दिलं. खामफोंगकडे शेड नव्हतं. घरात तीन मुलगे, सुना, नातवंडं होती.

"अगं, ठेवून घेऊ की काय?" खामफोंग म्हणाली.

"घ्या. तुमच्याकडूनच द्या बुधवारी."

बुधवारी बुआलाय रिकाम्या हाताने कशी जाणार? तिने नाक्यावरच्या दुकानातली प्लास्टिकमधली कोंबडी उकडून नेली. म्हाताऱ्या पुजाऱ्याने ती उलटीपालटी केली.

"डोकं कुठाय गं हिचं?"

"काढूनच विकतात, आजोबा."

"मग मी पाहू काय?" त्याने थाळी बाजूला सरकवली. तिथे तशाच आणखी थाळ्या होत्या.

मग खामफोंगची पाळी आली. पुजाऱ्याने काळीचा जबडा सोडवला, अंगठ्याने पुसला, उजेडाकडे धरला.

"लांबचा माणूस घरी येतोय. पाण्यावरून."

"आता आणखी कोण?" खामफोंग हसली. "आहेत तेच घरात मावत नाहीत."

सगळे हसले. बुआलायही हसली, जरा उशिराने. तिला खामफोंगचा फार हेवा वाटला. कौल माझा आहे, असं म्हणावंसं वाटलं; तिने आपली थाळी उचलली.

घरी येऊन तिने कंपनीच्या कोंबड्यांना खाद्य टाकलं. टोपली उलटी करून भिंतीला टेकवली. मग सकाळसाठी चिकट तांदूळ भिजत घातला आणि वर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने झाकण काढून तिने त्यात आणखी एका माणसापुरता तांदूळ टाकला.