एक सोडून

आमच्या घरातल्या थोरल्याला एक वाईट खोड आहे. वस्तू उचलायची, काम उरकायचं, पण ती वस्तू आयुष्यभर ज्या हातात राहिली त्या हाताला एका शब्दाने विचारायचं नाही. नाकावर चष्मा आहे, कचेरीत चार माणसं साहेब म्हणतात, म्हणून काय झालं? मलाही त्याने असंच न विचारता उचललं आणि मग भर खोलीत, परक्या माणसासमोर, खोटी ठरवलं. मला. मित्रांनो, राग बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून सांगते. खोटं कोण आणि घाईचं कोण, ते तुम्हीच ठरवा.

मी एक जुनी मापाची टेप आहे. शिवणाऱ्याच्या गळ्यात दोन्ही बाजूंनी लोंबते ना, तीच. रंग एकेकाळी पिवळाधमक होता, आता पिवळट म्हणा. माझं शिक्षण साठपर्यंत. साठच्या पुढचं मला विचारू नका आणि साठच्या आतलं मला शिकवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. कापडाची लांब पट्टी, तिच्यावर गुळगुळीत लेप, त्या लेपावर रुळाने छापलेले आकडे आणि दोन्ही टोकांना ठोकलेल्या पितळी टोप्या. शेवटी एका बाईने मला लोखंडी पट्टीशेजारी ताणून धरलं. माझ्या आधीची केसभर कमी भरली म्हणून तिने बाजूला फेकली होती. माझ्या वेळी तिने नुसती मान हलवली आणि मला डब्यात ठेवलं. त्या मान हलवण्याचा ताठा माझ्या अंगात अजून आहे.

दुकानातून मला आईने घेतलं. आई म्हणजे थोरल्याची आई, या घराची मालकीण. तेव्हा ती तरणीताठी होती. शाळा चौथीत सुटलेली, हिशेब बोटांच्या पेरांवर. पण दुकानात तिने टेपांची अख्खी चळत उलगडली आणि एकीला दुसरीशी लावून बघू लागली. दुकानदार वैतागला.

"अहो बाई, टेप आहे ती. सोनं नाही."

"म्हणूनच बघते," आई म्हणाली. "सोनं कमी भरलं तर माझं जाईल. टेप कमी भरली तर गिऱ्हाइकाचा श्वास अडकेल."

अशा बाईच्या गळ्यात मी पडले, मित्रांनो. दागिना म्हणून तिच्या गळ्यात दुसरं काही फारसं नसायचं. मीच होते.

घराची बाहेरची खोली लहान. दारातून आत आलं की दिवाण, आणि दिवाणावर बसून पाय लांब केले की समोरची भिंत हाताशी आलीच म्हणा. त्या भिंतीच्या एका टोकाला आतलं दार, दुसऱ्या टोकाला खिडकी. खिडकीची झडप आत उघडते. तिच्याजवळ, भिंतीला डोकं टेकवून, आईचं पायमशीन उभं. सकाळचा उजेड थेट सुईवर पडायचा.

त्या खोलीत मी किती माणसं मापली. शाळेचे गणवेश, दवाखान्यातल्या नर्सचे डगले, टपालवाल्याच्या विजारी. एक जाडजूड ठेकेदार यायचा. मला पोटाभोवती फिरवलं की तो श्वास आत ओढून पोट लपवायचा. आई म्हणायची, "सोडा श्वास. सदरा तुम्हाला घालायचाय, मला नाही." माणूस तोंडाने काय वाटेल ते सांगो, माझ्यापुढे त्याचं पोट खरं बोलायचं.

मग एक दिवस थोरल्याने मला कापलं.

तेव्हा तो एवढासा होता. चिंध्यांचं एक अस्वल होतं त्याच्याकडे, आणि अस्वलाला कमरपट्टा हवा होता. आई चुलीपाशी गेली, कात्री मशीनवर राहिली, आणि कचकन माझा पहिला इंच पितळी टोपीसकट गेला. आई परत आली तर पोरगा मशीनखाली दडून बसलेला आणि अस्वल कमरपट्टा लावून ऐटीत. मला वाटलं, आता याच्या पाठीत धपाटा बसणार आणि मी केराच्या डब्यात जाणार.

आईने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग शांतपणे माझं तुटकं टोक अंगठ्याखाली धरलं आणि स्वतःची वीत मापून बघितली.

"नऊ," ती म्हणाली. "एक सोडून आठ. चालेल."

संपलं. ओरडणं नाही, रडारड नाही. त्या दिवसापासून दर मापाला ती तेच म्हणू लागली. छाती छत्तीस, एक सोडून पस्तीस. बाही बावीस, एक सोडून एकवीस. शेजारीण म्हणाली, "नवी घे की गं, असा कितीसा खर्च?" आई म्हणाली, "बोटाचं पेर गेलं म्हणून माणूस टाकतात का? हिचं काय उणं आहे ते मला ठाऊक आहे. नवीचं काय उणं असेल ते मला कोण सांगणार?"

गल्लीतली पोरं तिला चिडवायची, "एकसोडून मावशी आल्या." ती त्यांनाच पकडून उभं करायची आणि गणवेशाचं माप घ्यायची. एक सांगते आणि मानाने सांगते: माझ्या मापाचा एकही कपडा कधी कमी भरला म्हणून परत आला नाही. अख्ख्या टेपांनी शिवलेले आले. माझे नाही.

पुढे तयार कपड्यांची दुकानं झाली. आईच्या डोळ्यांवर साय आल्यासारखं झालं. मी गळ्यातून उतरले आणि खणात गेले, रिकाम्या रिळांच्या आणि संपलेल्या सेलांच्या संगतीत. मशीनवर चादर पडली. पण आई रोज खिडकीशी तिथेच बसायची. मध्येच एखादी उशीची खोळ काढून उगाच एक शिवण मारायची. मशीनचा आवाज खणात ऐकू आला की मी समजायचे, घर जागेवर आहे.

घरातला टीव्ही म्हातारा झाला तो याच दिवसांत. त्याच्या पडद्यावर मधोमध एक काळी रेघ उमटली. मालिकेतली सगळी माणसं उभी चिरल्यासारखी दिसत. आई कुरकुरायची, "हिचा नवरा कोण आणि दीर कोण, मला कळायला मार्ग नाही. दोघांची अर्धी अर्धीच तोंडं दिसतात."

थोरल्याने ते मनावर घेतलं. हे मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. जेवताना म्हणाला, "आई, पासष्ट इंची आणतो. चेहरे कसे लख्ख दिसतील."

"माझी टेप साठची. पासष्टचा माणूस मी जन्मात मापला नाही."

"तसं नसतं गं. टीव्ही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका मापतात."

"म्हणजे उरेब," आई म्हणाली. तिरकं कापलेल्या कापडाला शिवणारी माणसं उरेब म्हणतात. "मग तसं सांग की. घे काय घ्यायचं ते. माझ्या मशीनला तेवढा हात लावू नकोस."

आणि ती काही दिवसांसाठी लेकीकडे गेली. तिची पाठ वळली आणि याच्या अंगात आलं.

खण उघडला, मला उचललं, भिंतीला लावलं. कितीतरी दिवसांनी माणसाचा हात लागला म्हणून मी हरखले होते. सुनेने माझं तुटकं टोक दाराच्या चौकटीशी धरलं आणि थोरला दुसरं टोक घेऊन खिडकीकडे गेला.

"अहो, हिचं टोक तुटलेलं दिसतंय," सून म्हणाली.

"टोकाशी काय काम आहे? आकडा इकडे वाचायचाय. अठ्ठावन्न."

एक सोडून, मी म्हणत होते. अरे, एक सोडून. पण आमचं बोलणं ऐकायला गळ्यात घालावं लागतं. त्याने मला खिडकीत फेकलं आणि फोनवर बघितलं. पासष्ट इंची टीव्हीची आडवी रुंदी सत्तावन्नाहून थोडीशी जास्त होती. "बसतो," तो खुशीत म्हणाला. "अगदी मापात. मशीन तेवढं हलवावं लागेल."

"आईंना विचारू या का?"

"विचारलं तर नाही म्हणेल. एकदा चेहरे दिसले की काही बोलायची नाही."

मशीन जिन्याखालच्या अंधारात गेलं. खिडकीतला उजेड नुसता फरशीवर पडायला लागला.

आई परत आली त्याच सकाळी खोका उघडला गेला. टीव्ही बसवायला आलेल्या कारागिराने भोकं पाडण्याआधी आपली लोखंडी टेप भिंतीला लावली आणि तो थांबला.

"साहेब, नाही बसणार. भिंत सत्तावन्न आहे. हा लावला तर खिडकीची झडप कायमची बंद."

"अठ्ठावन्न आहे. मी स्वतः मोजलीय."

"कशाने?"

थोरल्याने माझ्याकडे बोट केलं. कारागिराने मला दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं आणि हसला. "ही? ही काय टेप आहे होय?"

थोरल्याचे कान लाल झाले. "टेपच खोटी निघाली," तो म्हणाला आणि मला थर्माकोलच्या ढिगात भिरकावलं.

मित्रांनो, तुटणं मी सोसलं होतं. खणातला अंधार सोसला होता. पण सबंध आयुष्य जिने कुणाच्या अंगाला खोटं माप लावलं नाही, तिला खोटी म्हटलं की तिच्याजवळ काय उरतं?

दारात आई उभी होती. हातात पिशवी तशीच. तिने सगळं ऐकलं होतं.

"माझं मशीन कुठंय?" तिने विचारलं.

सून हळूच म्हणाली, "जिन्याखाली आहे, आई. वर चादर घातलीय."

"चादर कशाला? थंडी वाजते का त्याला तिथे?"

ती दिवाणावर बसली. कारागिराला म्हणाली, "धर बघू ते धूड भिंतीला. नुसतं धर." दोघांनी मिळून टीव्ही उचलून धरला. आईने मान डावीकडून उजवीकडे फिरवली, मग उजवीकडून डावीकडे. "इतक्या जवळून मी दातांच्या डॉक्टरलासुद्धा बघू देत नाही. ठेवा खाली."

मग ती उठली, वाकली आणि ढिगातून मला वर काढलं. थर्माकोलचे दाणे फुंकून उडवले. आणि मला गळ्यात घातलं. किती दिवसांनी, ते मी मोजलेलं नाही. तेवढं मोजायला मी शिकलेच नाही.

"अगं, धर टोक," ती सुनेला म्हणाली. सुनेने चौकटीशी धरलं. आईचे डोळे अधू, पण आकडा तिने बोटाने चाचपून काढल्यासारखा काढला. "अठ्ठावन्न. एक सोडून सत्तावन्न."

कारागिराच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "बरोबर, मावशी."

"यापेक्षा लहान काय येतो?"

"त्रेचाळीस इंची येतो. रुंदीला अडतीस."

आईने दाराकडून माप धरलं. "एकोणचाळीस, एक सोडून अडतीस. इथवर टीव्ही." तिथे नखाने खूण केली आणि पुढे खिडकीपर्यंत मला ताणलं. "वीस. एक सोडून एकोणीस. माझं मशीन अठरा." ती मागे सरली. "एक इंच उरतो."

त्या उरलेल्या इंचाकडे बघून माझा ऊर असा भरून आला, की लेप तडकतो की काय असं वाटलं.

"भिंतीला भोक पडलेलं नाही अजून," कारागीर म्हणाला. "दुकानात सांगतो. बदलून देतील."

थोरला अजून खोक्याशी उभा होता. "आई, तुला चेहरे नीट दिसावेत म्हणूनच केलं सगळं."

"ठाऊक आहे मला."

"पण हे एक सोडून काय आहे? लहानपणापासून ऐकतोय. मला वाटायचं, तुझी बोलायची लकब आहे."

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. घरातल्या जुन्या वस्तूला खोटी म्हणण्याआधी ती वापरणाऱ्या माणसाला एकदा विचारा, हिचं काय उणं आहे आणि तुम्ही ते कसं सांभाळता. नवं जरूर आणा. नव्याशी माझं भांडण नाही. अडतीस इंचांचा तो देखणा पाहुणा आता माझ्या शेजारीच लटकतो, आणि मी मशीनच्या दांडीला मानाने टांगलेली असते. पण जुन्याला अंधारात ढकलून नव्याची जागा मापू नका. ते माप चुकतंच.

तर त्या सकाळी थोरल्याने असं विचारलं, तेव्हा आईने माझं तुटकं टोक त्याच्या चष्म्यासमोर धरलं. तिथे पितळ नव्हतं, शून्य नव्हतं. काठाला चिकटून एकचा आकडा होता, आणि कात्री जशी वाकडी चालली होती तसा काठ वाकडा होता. थोरला बघत राहिला. अस्वल आठवलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"टेप खरी आहे, बाबा," आई म्हणाली. "हा इंच तू कापलास. लहान होतास म्हणून बोलले नाही, आणि पुढे जन्मभर दर मापातून तो मीच सोडत आले. आता मोठा झालास. जा, माझं मशीन उजेडात आण."