भावाच्या दारातली गाडी

त्या दिवशी कमळाकरच्या शेडात मालू पहिल्यांदा भडकली ती भावावर नाही, सुनेवर. नंतर तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

सून मनस्वी रोह्याच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली होती. घर पेणच्या आत, गावात. सकाळची ड्युटी धरायची तर त्या वेळेला धड एसटी नाही नि स्टेशन लांब. मग पोर स्कूटरने जायची. पावसाळ्यात एका वळणावर खडीवरून स्कूटर घसरली आणि बाई मनगट मोडून घरी आल्या. वर प्लास्टरातला हात छातीशी धरून म्हणते कशी, "हात बरा झाला की परत जाणार, आई." मुलगा नितेश कंपनीत शिफ्टला, तो काय रोज सोडायला जाणार? मालूने कपाळावर हात मारला आणि घरात जाहीर केलं, "आता दोन चाकं बंद! चार चाकं घ्या. जुनी घ्या, लहान घ्या, पण रस्त्यात दगा देणार नाय अशी घ्या. मला माझी सून संध्याकाळी धड घरात दिसली पायजे."

हात बरा झाल्यावर मनस्वी पेणला क्लास लावून गाडी शिकली, लायसन आलं. शिकवणारा माणूस चांगला होता. जुनी गाडी घेताना काय काय बघायचं तेही त्याने सांगितलं होतं आणि पोरीने ते मन लावून ऐकलं होतं.

गाडी कुठून घ्यायची हा प्रश्नच नव्हता. मालूचा सख्खा धाकटा भाऊ कमळाकर रोह्यात जुन्या गाड्या विकतो. भाऊ असताना बहीण दुसऱ्याच्या दारात गेली तर लोक तोंडात शेण घालतील. मालूने निघताना साडीसुद्धा माहेरची नेसली.

शेडात लाल गाडी धुऊनपुसून उभी. आरशाला लिंबू-मिरची, पुढे अत्तराची बाटली, सीटवर खण आणि नारळ. आत डोकं घातलं तर अत्तराचा असा भपकारा की शिंक यावी. मालूचे डोळे मात्र त्या खणावरच भरून आले. भाऊ असावा तर असा!

"बाय, तुझ्याकडनं नफा घेईन व्हय मी?" कमळाकर म्हणाला. "ही ओवाळणीच समज."

मनस्वीने पुढच्या झाकणावर हात ठेवला. "मामा, इंजिन गरम आहे. थंड असताना चालू करून बघायचं होतं."

"अगो सूनबाय, तुमच्यासाठीच चालू करून ठेवली. इतका मान कोण देतो?" कमळाकर हसला. मग मालूच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "नवा हात हाय. सुनेला शिकायला झकास हाय ही. घासली काय नि ठोकली काय."

हे वाक्य मालूने ऐकलं. पण कानावरून जाऊ दिलं. डोळ्यांवर खणाची झापडं बांधलेली, दुसरं काय!

कोपऱ्यात एक राखाडी गाडी होती. डावा दरवाजा चेपलेला, रंग उडालेला. "ही पण विकायची का?" मनस्वीने विचारलं.

"छे छे, ती समीक्षाची." समीक्षा म्हणजे कमळाकरची एकुलती एक मुलगी, कोलाडच्या शाळेत शिकवायला जायची. "दिसायला दळभद्री, पण पाच वर्षांत एकदा रस्त्यात उभी राहिली नाय. मी स्वतः निवडून दिली तिला. ती नाय मिळायची."

तोवर मनस्वी लाल गाडीत बसली होती. सीटचा पट्टा तिने ओढायला घेतला. थोडा, आणखी थोडा. "पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा असतो, आई. आणि ही खालची मॅट उचलून..."

इथे मालू भडकली. सुनेच्या हातावर तिने चापटच मारली. "काय गो, लाज हाय का? भावानं ओवाळणी घातली तर ताटातच मोजत बसतात काय? पराया माणूस हाय तो? ठेव तो पट्टा!"

मनस्वीने पट्टा सोडला. सर्रकन आत गेला. तिने नुसतं मालूकडे बघितलं आणि मान खाली घातली. कमळाकर लगबगीने हार घेऊन आला. पैसे पोचते झाले, नारळ फुटला, आणि मालू पुढच्या सीटवर मांडी घालण्याच्या बेतातच ऐटीत बसली. रस्त्यात ओळखीचं कोणी दिसतं का ते बघत होती.

ओळखीचं कोणी दिसलं नाही. दिसली ती भिसे खिंड. रोह्याहून नागोठण्याकडे येताना हा घाट लागतो. चढ गाडीने नीट काढला. उतार लागला, पहिलं वळण गेलं, आणि स्टिअरिंगसमोरच्या काट्यांवरचे सगळे दिवे एकदम पेटून विझले. इंजिन गप्प. हॉर्न गप्प.

"आई, स्टिअरिंग वळत नाही!"

मागून डंपर. त्याचा भोंगा असा की मालूच्या हातातली पाण्याची बाटली निसटली. मनस्वी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिली होती, पण ब्रेकही दगड झालेला. पोरीने दात आवळून दोन्ही हातांनी चाक डोंगराच्या बाजूला फिरवलं, हँडब्रेक थोडा थोडा करत ओढला. डंपर हातभर अंतरावरून निघून गेला. गाडी कडेच्या गटाराला लागून थांबली. उजव्या बाजूला दरी होती. मालूने ती बघितली आणि मग सुनेकडे बघितलं. मोडून जुळलेलं मनगट ती दुसऱ्या हाताने चोळत होती. रडत मात्र नव्हती.

"लागलं का तुम्हाला?" तिनेच विचारलं.

पाण्याची बाटली मालूच्या पायाशी सांडली होती. काहीतरी करायचं म्हणून ती पुसायला वाकली, मॅट उचलली, मॅटखालचा गालिचा ओला झाला होता तोही कडेने उचकटला. आणि वास आला.

अत्तराच्या बापाला झाकता आला नसता असा वास! मालूला तो कोणी सांगायला नको होता. मालूचं माहेर नागोठण्याचं. आंबा नदी चढली की पाणी ओट्यावर यायचं, घरात यायचं, आणि उतरताना राखाडी रेंदा ठेवून जायचं. वरून सुकला की वाटतं, गेला. पाण्याचा थेंब पडला की परत तोच वास. मालूने बोट घातलं. गालिच्याखाली रेंद्याचा थर होता, बोटाच्या पेराएवढा.

"पट्टा ओढ," ती सुनेला म्हणाली.

मनस्वीने पट्टा ओढला. शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाचा पिवळट डाग होता, आडवी रेघ मारल्यासारखा. पट्टा सीटशेजारी आत गुंडाळला जातो, पाणी तिथपर्यंत चढलं होतं. म्हणजे ही गाडी गेल्या पावसात पुरात बुडालेली. सीटपर्यंत बुडालेली! वायरी कुजलेल्या, आणि तिला हार घालून, लिंबू-मिरची लावून, ओवाळणी म्हणून...

"मी हेच बघणार होते," मनस्वी हळू आवाजात म्हणाली. बस, एवढंच.

एवढंच बोलली म्हणून तर मालूला जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. माहेरच्या तोऱ्यापायी पोरीला दरीत घालायला निघाले होते मी! आणि मग राग जो फिरला तो थेट रोह्याकडे फिरला. तिने खणाची घडी मोडली, मुठीने रेंदा उकरला, खणात बांधला. मनस्वीने चाकाला दगड लावले, गाडी कुलूपबंद केली. येणाऱ्या पहिल्या रिक्षाला हात करून सासू-सुना परत फिरल्या. रिक्षावाल्याने दोनदा काहीतरी विचारलं, मालूचं तोंड बघून तिसऱ्यांदा विचारलं नाही.

शेडाच्या मागेच कमळाकरचं घर. तो ओट्यावर चहा पीत होता, समीक्षा वह्या तपासत होती. मालूने ते खणाचं गाठोडं त्याच्या कपबशीशेजारी आपटलं. गाठ सुटली.

"हा काय प्रकार, बाय?"

"ओळखत नाय? आपल्या बापाच्या घरातला हा रेंदा तू नि मी उलथन्यानं खरवडलाय, कमळ्या. दिवाळीपर्यंत खरवडत होतो. तुला वास नाय आला? का त्यासाठीच अत्तर ओतलंस मेल्या?"

कमळाकरने कप खाली ठेवला. माणूस धंद्यात मुरलेला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "अगो, सगळ्याच गाड्यांत जरा माती असते. गाडी कुठं हाय?"

"खिंडीत. उतारावर मेली."

"मेली कशी? सकाळी मी स्वतः फिरवलीय." त्याने मनस्वीकडे बघितलं आणि गालात हसला. "क्लच नीट सोडला नसेल. नव्या माणसाचं असंच. गाडी ठणठणीत हाय, सूनबायला येत नाय, त्याला मी काय करू?"

मनस्वी तोंड उघडणार होती. मालूने तिला हाताने थांबवलं, पण या वेळी निराळ्या हाताने. तिचा पंजा आपल्या पंजात धरून ठेवला.

"व्हय, हिला येत नाय," मालू म्हणाली. आवाज इतका थंड की समीक्षाने वही मिटली. "तुझ्या पोरीला तर येतं? पाच वर्षं चालवते. ही घे चावी. समीक्षाला पाठव, खिंडीतनं गाडी घेऊन येऊ दे."

"तिला कशाला आता..."

"का? ठणठणीत हाय ना?"

समीक्षा उठली. तिला बिचारीला भांडण मिटवायचं होतं. "द्या आत्या, मी आणते. रिक्षाने जाते नि घेऊन येते." तिने चावी हातात घेतली.

कमळाकरने झडप घातली. पोरीचं मनगट धरलं, चावी हिसकावली. कप लवंडला. "नाय! तू नाय बसायचं त्या गाडीत!"

चहा ओट्यावरून खाली ठिबकत राहिला. समीक्षा बापाकडे बघत होती. पुन्हा बोलावं लागलं तर काय बोलणार, म्हणून कमळाकर कोणाकडेच बघत नव्हता.

"बोल की," मालू म्हणाली. "का नाय बसायचं?"

"बाय, अगो... ती माझी पोरगी हाय."

"आणि ही?" मालूने सुनेचा हात वर उचलला. मोडून जुळलेला, मनगटाशी जरा वाकडा राहिलेला. "ही काय पुरात वाहून आलीय? लोकाची पोर म्हणून बुडकी गाडी? घासली काय नि ठोकली काय, व्हय रे? तुझ्या तोंडून हे ऐकलं तेव्हाच तुझा खण तुझ्या अंगावर फेकायला हवा होता मी. माझीच बुद्धी शेण खायला गेली होती!"

"मी दुसरी देतो. शेडात एवढ्या गाड्या हायत, कुठलीपण घे. हवी ती..."

"हवी ती?"

"हवी ती, बाय. शप्पथ."

मालू ओट्यावरून उतरली. शेडातल्या चकचकीत गाड्यांच्या रांगेवरून नजर फिरवायचीही तसदी तिने घेतली नाही. सरळ कोपऱ्यात गेली आणि चेपलेल्या दरवाज्याच्या राखाडी गाडीवर थाप मारली.

"ही."

"ती समीक्षाची..."

"म्हणून तर. विकणाऱ्यानं आपल्या पोरीला ज्या गाडीत बसवलंय ती गाडी चांगली. एवढं कळायला मला कुठं क्लास लावायला नको. तुझी पोर उद्यापासून तुझ्या शेडातल्या दुसऱ्या गाडीत जाऊ दे. एवढ्यांतली एखादी तरी आपल्या पोरीला बसवण्याजोगी असेल ना? का एकपण नाय?"

कमळाकर हातातली लाल गाडीची चावी चाळवत राहिला. समीक्षाने मात्र घरात जाऊन आपली चावी आणली. बापाला ओलांडून ती मनस्वीच्या हातात दिली. "घ्या वहिनी. दुसरा गिअर जरा घट्ट आहे, बाकी काही नाही." मग बापाकडे वळून म्हणाली, "उद्यापासून मी एसटीने जाईन. तुमच्या कुठल्याही गाडीत बसणार नाही मी." कमळाकरचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला.

मनस्वी चावी घेऊन गाडीकडे गेली आणि दाराशी थांबली. सकाळची चापट आठवली असावी. ती सासूकडे बघायला लागली.

"थांबलीस काय?" मालू खेकसली. "झाकणाला हात लाव, गार हाय का बघ. मॅट उचल. त्याच्या खालचं पण उचल."

मनस्वीने एकेक करत सगळं बघितलं. इंजिन थंड होतं, एका चावीत चालू झालं. मॅटखाली खडूचा चुरा आणि एक हरवलेलं पेन निघालं. कमळाकर खांबाला टेकून उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"बाय, सख्ख्या भावाच्या दारात इतकं बघतात व्हय? एवढापण भरवसा नाय राहिला?"

"नाय," मालू म्हणाली. पुढच्या सीटवर बसून तिने आपल्या बाजूचा पट्टा धरला आणि सुनेला दाखवत दोन्ही हातांनी शेवटपर्यंत ओढला.