कोरडी पिंड

आमचा थोरला काळुराम वादात कधी हरला नाही, कारण समोरचा बोलू लागला की याचा आवाज चढायचा. शीळच्या डोंगरावरच्या आमच्या मालकीच्या उताराचा अर्धा भाग त्यानं दोन सालांपूर्वीच कल्याणच्या लाकडाच्या कंत्राटदाराला तोडायला दिला होता. आगगाडीला जळण लागे, मुंबईला कोळसा लागे. उरलेल्या अर्ध्याचाही शब्द देऊन बसला होता. मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या, तरी पाऊस नाही. कंत्राटदाराला तेवढीच सवड मिळाली. त्याची माणसं येत्या सोमवारी कुऱ्हाडी घेऊन येणार होती.

आवडावहिनी मात्र नवऱ्याला सोडेना.

"झाडं गेली नि झरा आटला. पानी मी भरते, तुमी नाय."

"झाडं का पानी ओततात? पाऊस महादेवाच्या हातात हाय. गेल्या साली धो धो पडला, तवा कुठं होती झाडं?"

"पडला, पन थांबला कुठं? लाल होऊन खाडीत गेला."

मला वहिनीचं पटे, पण काळुरामपुढं पुरावा हवा होता. शेतसारा भरायला ठाण्याच्या कचेरीत गेलो, तर तिथले शिकलेलेही यावरूनच हमरीतुमरीवर आलेले. एक म्हणे, जंगल तुटलं की हवा बदलते. दुसरा म्हणे, दोन-चार वर्षांच्या पावसावरून काही सिद्ध होत नाही. गेलो तसा डोकं खाजवत परत आलो.

शेवटी रविवारी गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याची मोरी मातीनं बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत पाणी ओतायचं, म्हणजे देव गुदमरून पाऊस सोडतो. पाणी डोंगरातल्या झऱ्याचंच हवं आणि पहिली घागर आमच्या घरची. काळुराम मोठ्या थाटात डोंगर चढला, मागून सारं गाव.

झऱ्याशी ओणवा झाला तो उठेचना. वाटीवाटीनं पाणी काढत होता. एक घागर भरायलाच दुपार झाली. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांनी मिळून आणलं ते पिंडीच्या तळाला जेमतेम लागलं. वर देव ठणठणीत कोरडा. मला काळुरामकडे बघवेना.

मारुती गुरव हळूच म्हणाला, "खालच्या विहिरीचं ओतू. कुनाला कळतंय?"

आता काळुराम ओरडणार, असं वाटलं. पण त्यानं रिकामी घागर खाली ठेवली.

"नाथा," मला म्हणाला, "पाऊस त्याच्या हातात, असं म्या सांगत फिरलो. त्याला बुडवायचं पानी तं माझ्या हातात होतं रे. ते म्या इकलं."

सोमवारी कंत्राटदाराचा मुकादम आला तेव्हा काळुराम पायवाटेत बसला होता, पुढ्यात रिकामी घागर. मुकादम आवाज चढवून म्हणाला, "शब्द दिला होतास!"

"दिला होता. आता मोडतो."

हे तो इतक्या हळू बोलला की मुकादमाला पुढं वाकून ऐकावं लागलं. वहिनी आली आणि त्याच्या शेजारी बसली. मग मीही बसलो.

पाऊस त्या दिवशीही आला नाही. कुऱ्हाडी मात्र परत गेल्या.