तो निघून जातो ते प्रकरण

बायको कादंबरी लिहितेय म्हटल्यावर मेकॅनिकने आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग संध्याकाळचा स्वयंपाक स्वतःच्या अंगावर घेतला. कादंबरी त्या दोघांचीच होती. ऑफिसातली टायपिस्ट आणि दर आठवड्याला तिथले टाइपरायटर तपासायला येणारा मेकॅनिक. आता टाइपरायटर गेले, तो झेरॉक्सची यंत्रं दुरुस्त करतो आणि ती निवृत्त झाली आहे. कादंबरीत मात्र दोघं ऐन पंचविशीत होती. प्रेम इतक्या मंद आचेवर शिजत होतं की अर्धं पुस्तक सरलं तरी नायकाच्या तोंडून ‘रिबन बदलावी लागेल’ यापलीकडे शब्द फुटत नव्हता. मेकॅनिक खूश होता. आपण इतके देखणे होतो हे त्याला या वयात नव्याने कळत होतं.

माती खाल्ली ती शेवटाला. सगळं गोडच चाललंय, शेवटी जरा काहीतरी बिनसू द्या, असं संपादकबाईंनी सांगितलं होतं. बायकोने बिनसवलं. नायिका एका परक्या तरुणाशी हसत ऑफिसातून बाहेर पडते, नायक ते पाहतो आणि चकार शब्द न काढता गाव सोडून जातो. तरुण निघतो मामेभाऊ. मग स्टेशनवर भेट आणि पानंच्या पानं रडारड.

मेकॅनिकने चष्मा काढून ठेवला. “हा मी नाही.”

“कादंबरी आहे ती.”

“आतापर्यंत मीच होतो की. माझा मोडक्या मुठीचा स्क्रूड्रायव्हरसुद्धा आहे त्यात. मग इथेच बरं बावळट केलंस मला? मी विचारलं होतं तुला. जिन्यात उभं राहून विचारलं होतं, तो कोण म्हणून. तू म्हणालीस मामेभाऊ. विषय संपला.”

“दोन मिनिटांत संपणाऱ्या विषयाचं प्रकरण होत नाही, असं बाई म्हणतात.”

त्यावर तो घुश्श्यात भांडी घासायला गेला. प्रत्येक पातेलं दोनदा आपटलं. राग पुस्तकाचा नव्हताच. जिच्याबरोबर आयुष्य काढलं, तिला आपण न विचारता पाठ फिरवणारे वाटतो, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. आणि संध्याकाळी संपादकबाई पानं न्यायला येणार होत्या. एकदा छापलं की सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत तो तसाच ठरणार होता. ओल्या हातांनीच तो बाहेर आला.

“बदल ते. नाहीतर माझं सगळं काढून टाक आणि दुसरा कुणी मेकॅनिक धर.”

बायकोने पेन खाली ठेवलं. “विचारलंत, खरं आहे. पण किती दिवसांनी?”

“चार-आठ दिवस झाले असतील.”

“महिना होत आला होता. तुमच्याऐवजी टाइपरायटरच्या दुकानातला दुसराच माणूस यायचा. मला वाटलं, गेलात. कायमचे.” तिने पुढ्यातली पानं सारखी केली. “हे बाईंनी सांगितलं म्हणून नाही लिहिलं मी. बिनसायचं म्हटल्यावर मला तेवढंच आठवलं. तुम्ही कुठे होतात ते माहीत नव्हतं, म्हणून गाव सोडायला लावलं.”

मेकॅनिकने ओले हात सदऱ्याला पुसले. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

“समोर होतो,” तो म्हणाला. “तुझ्या ऑफिससमोर. चपलांचं दुकान होतं ना, तिथे. ऑफिस सुटायच्या वेळेला रोज यायचो. आज विचारायचंच म्हणून यायचो आणि तू दिसलीस की मागे दुकानात वळायचो. दुकानदार रोज विचारायचा, काय दाखवू. शेवटी भिडेखातर बूट घेतले. तेही लहान निघाले.”

“लग्नात लंगडत होतात, ते?”

“तेच.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. “एवढ्या वर्षांत हे कधी बोलला नाहीत.”

“तू विचारलं कुठे कधी?”

तेही खरंच होतं. मामेभाऊ म्हटल्यावर तिनेही विषय मिटवला होता आणि तो महिना एकटीनेच जपून ठेवला होता.

तिने गाव सोडणं, स्टेशनवरची भेट, रडारड, सगळ्यावर सरळ काट मारली.

“बाईंना चालेल का?” त्याने धास्तीने विचारलं. “असं केलं तर कुणी कुठे जातच नाही.”

“न चालायला काय झालं? बिनसलं तर आहेच.” तिने कोरा कागद पुढे ओढला. “पुढे सांगा. मी कशी दिसायचे, त्या दुकानातून?”

“मान खाली घालून चालायचीस. कुणाकडे बघायची नाहीस. मला वाटायचं, त्या पोराच्याच विचारात आहे.”

“तुमच्या होते,” ती म्हणाली आणि लिहायला लागली.