माझा एल्स हलवू नका

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर प्रोग्राम, आहे. जेमतेम एकशे चाळीस ओळींची. एका रुग्णालयाच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर राहते आणि मला कुणी बिचारी म्हटलेलं अजिबात खपत नाही.

मला लिहिलं ते रक्त तपासणाऱ्या ताईंनी, जेवणाच्या सुटीत, डबा बाजूला सारून. त्या प्रोग्रामिंग कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या, पण माझ्या भाषेचे कानेकोपरे त्यांनी हौसेनं धुंडाळले होते. एखादा आकडा तीन आणि पाचच्या मध्ये आहे का, हे मी एका दमात विचारते, इतर भाषांसारखं दोनदा नाही. नवख्याला वाटतं, लिहिताना काहीतरी राहिलं. पण माझा खरा तोरा एल्सचा, म्हणजे 'नाहीतर'चा. इतरांचा एल्स इफचा, म्हणजे 'जर'चा, हात धरून चालतो. माझा थेट डावीकडे, यादी एकेक करून तपासायला लावणाऱ्या फॉरच्या रांगेत उभा राहतो. रक्ताची नळी आली की मी तिचा नंबर रुग्णांच्या यादीत एकेक करून शोधते. सापडला की तिथेच थांबते. सगळी यादी पालथी घालूनही सापडला नाही, तरच एल्स ओरडतो, "ही नळी कुणाची?"

आठ वर्षं लॅबमध्ये माझं कौतुक होत होतं. मग नवा इंजिनियर आला. 'हा चुकून डावीकडे सरकलाय' म्हणत त्यानं एल्स इफखाली ढकलला आणि कुणाला न विचारता घरी गेला. झालं! न जुळणाऱ्या प्रत्येक नंबराला मी ओरडू लागले. एकेका नळीमागे चाळीस-चाळीस इशारे. सगळे वैतागले, तेव्हा त्यानं इशाऱ्याची ओळच बंद करून टाकली. मला भयंकर राग आला होता, पण तोंडच बंद, सांगणार कशी?

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी खिडकीशी आली.

"ताई, बाबांचा रिपोर्ट अजून नाही आला. ऑपरेशन त्याच्यासाठीच अडलंय. सकाळपासून उपाशी आहेत ते."

ताईंनी ट्रे उपसला. तळाशी एक नळी होती, नंबरातला एक आकडा चुकलेला. त्यांनी तिच्या वडिलांचं रक्त तातडीनं पुन्हा मागवलं आणि मला उघडलं.

"हा एल्स तू हलवलास?"

"मॅडम, इफशिवाय एल्स कसा असेल? चूकच होती ती," इंजिनियर म्हणाला.

"असतो. तुला माहीत नव्हतं, त्यात काही गैर नाही. पण विचारलं का नाहीस?"

तो खुर्ची ओढून ताईंशेजारी बसला आणि म्हणाला, "दाखवा, कसं चालतं ते."

ताईंनी एल्स जागेवर नेला, बंद केलेली ओळ उघडली. तीच चुकलेली नळी माझ्यासमोर आली आणि मी एकदाच, पण अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशी ओरडले.

मित्रांनो, उद्या मी नकोशी झाले तर खुशाल पुसून टाका. गयावया करणार नाही. पण माझ्यातलं जे तुम्हांला कळलं नाही, ते चूक ठरवण्याआधी कुणाला तरी विचारा. एक माणूस माझ्या गप्प राहण्यामुळे दुपारपर्यंत उपाशी पडून होता. त्याची माफी मला मागता येत नाही. मला फक्त ओरडता येतं, आणि तेवढं मी ओरडणारच.