सोसण्याची फुशारकी

शिलाई कारखान्यातल्या सुपरवायझरबाईंना दोन गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता: तिरकी शिवण आणि पोट दुखतंय म्हणणारी बाई.

काजं करणारी मुलगी दर महिन्याला मशीनवर डोकं टेकून बसायची, घामाने थबथबायची. बाई सगळ्यांदेखत विचारायच्या, "काय महाराणी, भरला का दरबार?" अख्खी लाईन खिदळायची. खिदळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, मंडळी!

एकदा मुलगी कळवळून म्हणाली, "बाई, शौचालाही बसवत नाही हो."

"आम्हाला काय पाळ्या आल्या नाहीत? लग्न कर, पोर होऊ दे, सगळी थेरं बंद होतील!" एवढं बोलून त्यांनी तिला कामावरून काढूनच टाकलं.

कॉलेजात जाणारी त्यांची लेक पोट धरून लोळायची. तिलाही हाच उपदेश. लेक मुकाट्याने ऐकायची. मग एका सकाळी ती बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे आईसाहेबांना दवाखाना आठवला.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहिली. "अंडाशयावर रक्ताची गाठ आहे. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो, अंडाशयावर, कधी आतड्यांवरही. पाळीत तोही सुजतो, रक्ताळतो. किती दिवस दुखतंय?"

"पाळी सुरू झाल्यापासून," लेक म्हणाली.

"आमच्या घरात असलं काही नाही हं," बाई फणकारल्या.

"तुमची पाळी कशी होती?"

बाईंची मान ताठ झाली. "माझी? लहानपणीच आली. धो धो जायचं, आणि महिना भरायच्या आत पुन्हा हजर! तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून कामं केलीत मी. कुणाला कळू दिलं नाही!"

"म्हणजे तुम्हालाही हाच आजार असावा, बाई."

डॉक्टरीणबाई पुढे सांगू लागल्या.

"आई-बहिणीला असला, पाळी लवकर सुरू झाली, भराभर येत असली, खूप जात असली, मूल झालेलं नसलं, की शक्यता वाढते. पण यातलं काहीच नसलं तरी कुणालाही होतो. लग्न हे त्याचं औषध नाही आणि बाळंतपणही नाही. मुळापासून जाईलच असं सांगता येत नाही, पण गोळ्यांनी, वेळ पडली तर ऑपरेशनने ताब्यात राहतो. तुम्ही सोसलंत त्याची फुशारकी कसली मारता? वाईट वाटावं असं आहे ते! आणि तेच सोसणं लेकीला आंदण दिलंत!"

लेक हळूच म्हणाली, "आई, मी खोटं नव्हते गं बोलत."

त्या एका वाक्याने बाई ढसाढसा रडल्या.

लेकीवर उपचार सुरू झाले, तशा बाई काजवालीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिने आत बोलावलं नाही. "माफी इथे नको, बाई. लाज लाईनसमोर काढलीत ना? मग तिथेच बोला."

बाई बोलल्या! सगळी मशीनं थांबवून, तिला शेजारी उभं करून. "ही आजारी होती. मी अडाणी होते. आजपासून जिला असं दुखेल तिने आधी डॉक्टर गाठायचा. रजा मी देईन."

कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी नुसतं बघितलं. हसू जागच्या जागी विरलं.

काजवाली कामावर परतली, उपचारही घेऊ लागली. बाईंशी मात्र ती अजून मोजकंच बोलते. तिचं काय चुकलं?

मंडळी, जी पाळी बाईला अंथरुणाला खिळवते ती नेहमीची पाळी नव्हे. त्या दुखण्याला नखरे म्हणणारी जीभ आधी आवरा, आणि त्या बाईला डॉक्टरकडे न्या!